आकडा लगेच दिसतो, पण खरा व्हायला वेळ लागतो



थंडीत आमच्या घरी कोंबडीच्या पिल्लांची नवी बॅच आली. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. म्हणून आप्पांनी तापमान आणि दमटपणा दाखवणारे डिजिटल मीटर आणले. पहाटे ते अंगणातून शेडमध्ये नेऊन टांगले आणि दोन मिनिटांनी पाहिले. आकडा २४! "पिल्लं गारठतील," असे म्हणून आप्पांनी आणखी दोन बल्ब लावले. मिनिटभराने पाहिले तर २७. आणखी एक बल्ब लावला.

थोड्या वेळाने आजी आत आली. म्हणाली, "अरे, आकड्याकडं काय बघतोस? पिल्लांकडं बघ की!" पिल्ले बल्बपासून लांब कडेला गेली होती आणि चोची उघडून धापा टाकत होती. आता मीटरवर ३८ होते! आप्पांनी जास्तीचे बल्ब भराभर काढले. पिल्ले वाचली. मीटर बिघडलेले नव्हते. मग असे का झाले? ते आम्ही गुरुजींकडून समजून घेतले.

संवेदक काय करतो?

मीटरच्या आत संवेदक, म्हणजे सेन्सर असतात. तापमानासाठी पुष्कळदा थर्मिस्टर वापरतात. तो तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो. दमटपणासाठी बहुधा पॉलिमरचा पातळ थर असतो. तो हवेतील बाष्प शोषतो, तसे त्याचे विद्युत गुणधर्म बदलतात.

आता मुख्य गोष्ट. संवेदक हवेचे तापमान सांगत नाही, तो स्वतःचे तापमान सांगतो! तो हवेइतका गरम झाला की मगच दोन्ही आकडे एक होतात. पडद्यावरचा आकडा दर काही सेकंदांनी बदलतो, म्हणून आपण फसतो.

प्रतिसादकाळ

कपातला चहा आधी भराभर निवतो, मग सावकाश. संवेदकाचेही तसेच. जुन्या आणि नव्या तापमानातील फरकाचे १०० पैकी ६३ भाग पार करायला जो वेळ लागतो, त्याला प्रतिसादकाळ म्हणतात. पुढे तितक्याच वेळात उरलेल्या फरकाचे पुन्हा ६३ टक्के पार होतात.

त्या पहाटेचे उदाहरण घेऊ. अंगणात १४ अंश, शेडमध्ये ३४ अंश आणि प्रतिसादकाळ ३ मिनिटे धरू. जादा बल्ब लावलेच नसते, तर मीटरने असे दाखवले असते :

सुरुवातीला – १४.०
३ मिनिटांनी – २६.६
६ मिनिटांनी – ३१.३
९ मिनिटांनी – ३३.०
१२ मिनिटांनी – ३३.६
१५ मिनिटांनी – ३३.९

म्हणजे शेडमध्ये ऊब आधीच पुरेशी होती. घाई आमचीच झाली. प्रतिसादकाळाच्या पाचपट वेळ थांबले, की आकडा जवळजवळ खरा होतो.

वेळ कशाने कमी-जास्त होतो?

लहान, उघडा संवेदक लवकर तापतो. जाड प्लॅस्टिकच्या डबीतला उशिरा. हवा खेळती असेल तर वेळ कमी लागतो, कोंदट असेल तर जास्त. हवेचे तापमान मोजणाऱ्या संवेदकाचा प्रतिसादकाळ २० सेकंद असावा, असे जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शिकेत दिले आहे. टेबलावरच्या साध्या मीटरला मात्र काही मिनिटे लागू शकतात.

दमटपणाचा आकडाही असाच फसवतो. गार मीटर उबदार खोलीत आणले की त्याच्या जवळची हवा गार होते. गार हवेत तेवढेच बाष्प असले तरी सापेक्ष आर्द्रता जास्त भरते. म्हणून सुरुवातीला आकडा फुगलेला दिसतो. संवेदकावर पाणी धरले, तर ते वाळेपर्यंत आकड्यावर विश्वास ठेवू नये.

करून पाहा

साहित्य : डिजिटल मीटर, घड्याळ, वही, पुठ्ठा.
कृती : मीटर अर्धा तास वर्गात ठेवा. मग बाहेर सावलीत टांगा. दर मिनिटाला आकडा लिहा. लागोपाठ तीन आकडे सारखे आले की थांबा. पुन्हा वर्गात अर्धा तास ठेवून तोच प्रयोग पुठ्ठ्याने वारा घालत करा. कोणत्या वेळी कमी मिनिटे लागली?

लक्षात ठेवा

१. मीटर पिल्लांच्या उंचीवर टांगा, अगदी बल्बखाली नको.
२. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, मगच बल्ब वाढवा किंवा काढा.
३. पिल्ले एकमेकांना चिकटून बसली तर त्यांना थंडी वाजते. लांब पळून धापा टाकू लागली तर उष्णता जास्त आहे.

पालकांनो, ताप मोजायचे डिजिटल थर्मामीटरही आवाज होण्याआधी काढू नका. ताप असून नाही असे वाटेल.

आजीचे म्हणणे आम्ही मीटरशेजारी खडूने लिहून ठेवले आहे : "आधी पिल्लांकडे बघ!"

– विज्ञान गट, इयत्ता सातवी