घरचे स्पीकर बदलायचे का? वॉट नंतर बघा, आधी महिन्याचा हिशोब मांडा

बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात घरच्या हॉलमध्ये कराओकेचा क्लास काढायचं स्वप्न बऱ्याच जणांचं असतं. खर्चही तसा कमी. घरात जुना स्टिरिओ असतोच, आणि मग पहिला प्रश्न येतो: "सर, ४५ हजारांचे नवे स्पीकर घेऊ का?" व्हिडिओत यावर दोनच मिनिटं बोललो होतो. इथे नीट बघू.

स्वतःच्या आवडीसाठी घेणार असाल तर बिनधास्त घ्या. हौसेला परतावा विचारायचा नसतो. पण पैसा धंद्याच्या भांडवलातून जाणार असेल तर कागद-पेन घेऊन बसा.

समजा स्पीकर ४५,००० चे. जुने विकून ५,००० आले, म्हणजे खिशातून गेले ४०,०००. पाच वर्षांनी विकताना १०,००० मिळतील असं धरू. उरले ३०,०००, भागिले ६० महिने, म्हणजे महिन्याला ५०० रुपये. क्लासची फी महिना १,००० असेल तर अर्ध्या विद्यार्थ्याची फी. वा, स्वस्तच की!

इथेच फसायला होतं. एक म्हणजे तो विद्यार्थी स्पीकरमुळे यायला हवा. शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकू तुमच्याकडे येतात त्या तुम्ही सूर पकडायला शिकवता म्हणून, किंवा मैत्रिणी येतात म्हणून. स्पीकरच्या कंपनीचं नाव त्यांना माहीतही नसतं. दुसरं म्हणजे ५०० रुपये हा कागदावरचा आकडा. ४०,००० मात्र आजच जातात. एकूण भांडवल ६०,००० असेल तर हातात राहिले २०,०००. त्यात माईक, मिक्सर, जाहिरात आणि बॅच भरेपर्यंतचे कोरडे महिने काढायचे. छोटा धंदा अडतो तो बहुतेक वेळा रोख संपते म्हणून, आवाज कमी पडला म्हणून नाही.

आता वॉटकडे येऊ. ५० वॉटऐवजी १०० वॉट घेतले की आवाज दुप्पट होईल असं वाटतं. तसं होत नाही. ताकद दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. फरक कळतो, पण थोडासाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. आपल्या उपनगरातला हॉल १० बाय १२ चा. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॉटवर एक मीटरवर ८७ डेसिबल देतो. शेजारी बेल वाजवायला तेवढं पुरतं! निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र धरली जाते १० ते सकाळी ६. साधं बोलणंसुद्धा ६० च्या आसपास जातं. म्हणजे वापरता न येणाऱ्या वॉटचे पैसे का मोजायचे?

आणखी एक गोष्ट दुकानात फारशी कुणी सांगत नाही. घरचा स्टिरिओ स्पीकर रेकॉर्ड केलेलं गाणं ऐकायला बनलेला असतो. त्यावर माईक लावला आणि माईक स्पीकरसमोर आला की ती कर्कश शिट्टी सुरू होते, आणि त्यात वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, जळू शकतो. त्यामुळे कराओकेसाठी महाग होम स्पीकर घेणं ही दिशाच चुकीची. आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला एक साधा स्टेज स्पीकर बरा. आणि गाणं मोबाईलवरून ब्लूटूथने लावत असाल तर आवाज उशिरा पोचतो. स्क्रीनवरचे शब्द पुढे, ट्रॅक मागे, गाणारा गोंधळलेला. यावर उपाय म्हणजे एक साधी वायर.

खर्च करण्याआधी फुकटचे उपाय करून बघा. आपल्याकडे स्पीकर शोकेसच्या खणात कोंबलेले असतात, नाहीतर कपाटावर चढवलेले. खाली आणा, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येऊ द्या, कोपऱ्यापासून दोनेक फूट लांब सरकवा. कोपऱ्यात बास उगाच घुमतो. उघड्या लादीवर जाड सतरंजी अंथरा. खोलीतला घुमारा कमी झाला की तोच जुना स्पीकर स्वच्छ वाटायला लागतो.

जुना स्पीकर फाटल्यासारखा वाजत असेल तर पुढची जाळी काढा. शंकूभोवतीची फोमची कडा मुंबईच्या दमट हवेत वर्षांनी भुगा होते. नुसती कडा गेली असेल तर ती बदलून मिळते. शंकू दोन्ही बाजूंनी हलकेच दाबल्यावर खरखर आली तर आतली कॉईल घासतेय. आधी दुरुस्तीचा भाव विचारा, मग नव्याचा.

तरीही नवे बघायचेत? ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जरूर जा, पण पेन ड्राईव्हवर स्वतःची गाणी न्या. दोन स्पीकरांत जो किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगलाच वाटतो. म्हणून मोबाईलवर डेसिबलचं अ‍ॅप उघडून दोन्हींचा आवाज सारखा करायला सांगा. बिलावर पीएमपीओचे हजारो वॉट दाखवले तर दुर्लक्ष करा, आरएमएस विचारा. त्याहून चांगलं म्हणजे एका रविवारी साऊंडवाल्याकडून स्पीकर भाड्याने आणा आणि विद्यार्थ्यांना काहीच सांगू नका. कुणी आपणहून विचारलं, "आज काय वेगळं आहे हो?" तर त्या खर्चाचा विचार करायला अर्थ आहे.

काही धंद्यांत मात्र माझं उत्तर सरळ 'घ्या' असं आहे. अंधेरीत घरून व्हॉईस-ओव्हर किंवा मिक्सिंगची कामं करणारे बरेच जण आहेत. त्यांचा मालच आवाज. स्पीकरने लपवलेली खरखर ग्राहकाच्या कानाला लागली तर पुढचं काम गेलं. तिथे खरा आवाज दाखवणारा मॉनिटर हे हत्यार आहे. तिथेही आधी चांगला हेडफोन आणि खोलीचं काम, मग मॉनिटर.

बिलाचं शेवटचं. स्पीकरवर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे ४५,००० च्या बिलात साधारण ६,८६४ रुपये कर. तुमची नोंदणी असेल आणि बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल तर धंद्याच्या वापरासाठी त्याची वजावट मिळू शकते. सेवा व्यवसायाला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही, त्यामुळे घरगुती क्लासवाल्यांपैकी बहुतेकांना हा कर खर्चातच धरावा लागतो. आणि क्लासमध्ये पैसे घेऊन गाणी वाजवणार असाल तर पीपीएल आणि आयपीआरएसच्या परवान्याची चौकशी स्पीकर घेण्याआधी करा. तो खर्चही वरच्या महिन्याच्या ५०० रुपयांत अजून धरलेला नाही.