तेल आटत नाही, गळतं

बाळा, जुनी ईको घेऊन डोंबिवली-भिवंडी माल टाकायला लागलास, छान झालं. इंजिन ऑइलची पट्टी रोज बघतोस, पण मागच्या आक्सलच्या मधोमध असलेल्या त्या फुगीर हाऊसिंगकडे कधी वाकून बघितलंस? ईको, बोलेरो, टाटा एस, या गाड्यांना मागची चाकं ढकलतात. म्हणून डिफरन्शियल मागे आणि त्याचं तेलही वेगळं. स्विफ्ट-वॅगनआरवाल्यांना ही कटकट नाही. त्यांचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं.

इथे पट्टी नसते, बोल्ट असतात: वरचा लेव्हल बघायला आणि तेल भरायला, खालचा तेल काढायला. गाडी सपाट जागेवर हवी. नुसतं मागून जॅक लावून बघशील तर लेव्हल खोटी दिसेल, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचंच नाही. गॅरेजच्या रॅम्पवर बघ. थोडी चालवून आणलेली गाडी बरी, तेल पातळ होतं. बदलायचं असेल तर आधी वरचा बोल्ट सुटतो का बघ. खालचा उघडून तेल सांडून बसलास आणि वरचा गंजून धरलेला निघाला, की गाडी तिथेच अडकली. लेव्हल बघताना वरच्या बोल्टच्या भोकात बोट वाकवून घाल. तेल खालच्या कडेला लागलं पाहिजे. भरताना तिथून ओघळायला लागलं की हात आखडता घे. जास्त भरलेलं तेल सील ढकलून ब्रेकच्या लायनरवर येतं.

आता खरं सांगतो. हे तेल इंजिनसारखं जळत नाही. कमी झालं म्हणजे कुठेतरी गळतंय. पिनियनचं सील बघ, मागच्या ड्रमची आतली बाजू बघ. कारण न शोधता वरून ओतत राहणारा मेकॅनिक मला पटत नाही. तेल संपत आलं की आतले क्राऊन-पिनियन गिअर घूं घूं करायला लागतात. तोवर बहुधा दात खाल्ले गेलेले असतात.

पावसाळ्यात जास्त जप. मालानं भरलेली गाडी पळवून आणलीस की हाऊसिंग तापलेलं असतं. तशीच ती तुंबलेल्या पाण्यात घातलीस, तर आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा जायची नळी) नाहीतर सीलमधून पाणी ओढून घेते. २६ जुलै २००५ ला कल्याणमध्ये उल्हास-वालधुनी नद्यांचं पाणी शिरलं, त्यात बुडालेल्या गाड्यांचं हे डिफरन्शियलचं तेल नुसती लेव्हल बघून ठेवण्यासारखं नव्हतंच. तेल दुधाळ दिसलं तर टॉप-अप नको, सगळं काढ. खालच्या बोल्टच्या चुंबकाला बारीक भुकटी चालते, कपचे निघाले तर हाऊसिंग उघडायलाच लागणार.

दुकानदाराला नुसतं ‘नव्वद नंबर द्या’ म्हणू नकोस. मॅन्युअल बघून ग्रेड सांग. डिफरन्शियलमधल्या हायपॉइड गिअरना बहुधा जीएल-५ लागतं, पण तेच गिअरबॉक्समध्ये ओतायचं नाही. काही गाड्यांत त्यानं पितळी सिंक्रोनायझर खराब होतात.

आणि काढलेलं तेल गटारात सोडू नकोस, ते शेवटी नदीतच जातं. डब्यात भरून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला दे.