दरड का कोसळते?

कोकणात रेल्वे येणार, येणार, असे लोकांनी पुष्कळ वर्षे ऐकले. ती खरोखर आली तेव्हा 1998 साल उजाडले. त्या वर्षी 26 जानेवारीला रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सगळा मार्ग खुला झाला.

एका अंगाला सह्याद्री, दुसऱ्या अंगाला समुद्र. मधली जमीनही सपाट नाही. डोंगर, खाडी, की पुन्हा डोंगर. रेल्वेला चढ फार चालत नाही. म्हणून नव्वदाच्या वर बोगदे काढावे लागले. बाकी ठिकाणी डोंगर उभा कापून मधून रूळ टाकले. या कापलेल्या वाटेला कटिंग म्हणतात. पावसाळ्यात सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो तो या कटिंगपाशी आणि बोगद्यांच्या तोंडाशी.

आता तुम्ही म्हणाल, डोंगर तर दगडाचा! तो कसा खाली येईल?

कोकणात विहीर खणणाऱ्या माणसाला विचारा. तो सांगेल, वर जांभा लागतो. जांभा दगड खरा, पण त्याला भोकेच फार. पाणी त्यातून झिरपत खाली जाते. जांभ्याखाली पुष्कळ ठिकाणी पांढरी, पिवळी, तांबूस चिकणमाती असते. त्याखाली काळा कातळ. चिकणमाती पाण्याला लवकर वाट देत नाही. पाणी तिथेच तुंबते. माती भिजते, जड होते, लोण्यासारखी मऊ होते. डोंगर अखंड होता तोवर पुढची माती मागच्या मातीला टेकू देत होती. कटिंग झाले, टेकू गेला. भाताच्या पोत्यांच्या थप्पीतले खालचे पोते ओढले तर काय होते, ते आपण पाहिलेच आहे.

काळ्या कातळाची तऱ्हा वेगळी. तो मऊ होत नाही, पण त्याला चिरा असतात. चिरेत पाणी शिरते, झाडाची मुळे शिरतात. दगड सुटा होतो आणि एखाद्या रात्री एकटाच खाली येतो.

त्यातून पाऊस कसला, तर रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर! हे सगळे पाणी जागच्या जागी साठले, तर अंगणात दहा फूट पाणी उभे राहील. आणि हा सारा पाऊस चार महिन्यांतच पडून जातो.

22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळावर आली. कारवारहून मुंबईला जाणारी गाडी तिच्यावर आदळली. पन्नासच्या वर माणसे गेली. पुढच्याच वर्षी, 16 जून 2004 ला, महाड तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा गाडी रुळावर आलेल्या दगडाने घसरली आणि डबे पुलावरून खाली गेले. तिथेही माणसे दगावली. दोन्ही वेळा महिना जूनचा, हे ध्यानात घ्या.

मग रेल्वेने पुष्कळ कामे केली. उभे कडे तासून उतरते केले, त्यांना पायऱ्या पाडल्या. दगड अडवायला तारेच्या जाळ्या लावल्या, भिंती बांधल्या. पाणी कटिंगमध्ये न येता बाजूला जावे म्हणून वर चर खणले. पावसाळ्यात गाड्यांचे वेळापत्रक निराळे असते, गाड्या सावकाश चालतात. कुणी कुरकुर करतात, ‘गाडी उशिरा पोचते.’ पोचते तर खरी!

आमच्या मते मोठे काम गस्तवाल्याचे. भर पावसात, रात्री, हातात बत्ती घेऊन तो रूळ पाहत चालतो.

तरी धोका सरला असे नाही. 14 जुलै 2024 ला खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी चिखलाची दरड आली. जवळजवळ एक दिवस गाड्या बंद होत्या.

गस्तवाला खालून पाहतो. वरचा सडा त्याला दिसत नाही. तिथे गुरे घेऊन जाता ते तुम्ही. कटिंगच्या वर जमिनीला नवी भेग पडली, सरळ झाड कलले, नितळ झरा एकाएकी गढूळ झाला, बारीक खडे सारखे घरंगळू लागले, तर समजा, डोंगर हलतो आहे. काठाला उभे राहू नका. जवळच्या स्टेशनात सांगा, नाही तर 139 क्रमांकावर फोन करा. चर गाळाने बुजला असेल तर तेही सांगा. आणि काठाची झाडे सरपणाला तोडू नका, त्यांची मुळे माती धरून असतात.

दरड रुळावर आलीच, तर दगड ओढत बसू नका. वेगातल्या गाडीला थांबायला किलोमीटरभर जागा लागते. आधी फोन करा. कुणाला गाडीच्या दिशेने लांब पाठवता आले, तर त्याने रुळाच्या बाजूने जावे, रुळावरून नव्हे. दिवसा लाल कापड हलवावे. कापड नसेल तर दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे धरावेत. रात्री हाती लागेल ती बत्ती जोराने इकडून तिकडे हलवावी. जोराने हलणारी बत्ती दिसली की गाडी थांबवायची, हे ड्रायव्हरला शिकवलेले असते.