प्रोस्टेटचा कर्करोग : पडून राहू नका

देवपूरमध्ये सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींतून एखादे काका अचानक दिसेनासे होतात. चौकशी केली, की घरचे सांगतात, ‘त्यांना आराम हवा.’ आजाराचे नाव मात्र कोणी घेत नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगात नुसते पडून राहण्याने नुकसानच होते.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालील अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो, हे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले. १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही अनेक रुग्णांना हे संप्रेरक कमी करणारी इंजेक्शने देतात. त्यामुळे रोग आटोक्यात राहतो. पण स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, थकवा वाढतो.

यावर चालणे हा उत्तम उपाय. दहा मिनिटांपासून सुरुवात करून आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालावे. दोन दिवस खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम करावा. रोग हाडांत पोहोचला असल्यास व्यायामापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पाठ दुखून पायांतील शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेनंतर लघवी गळते म्हणून काही जण घरातच कोंडून घेतात. यात लाजण्यासारखे काही नाही. पत्नीला विश्वासात घ्या. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम डॉक्टरांकडून शिकून घ्या.

आणि शेजाऱ्यांनो, ‘बरे आहे ना?’ एवढेच विचारून परतू नका. सकाळी दारात उभे राहून म्हणा, ‘चला काका, फिरून येऊ.’