सायलेन्सरची आच आणि करपलेले झाकण



खरिपाच्या तोंडावर पाड्यापाड्यांवर बागेतले छोटे ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर बाहेर निघतात. बहुतेक ठिकाणी यंत्र एक आणि वाटेकरी दहा-बारा घरे. ते चार दिवस बंद पडले तर सगळ्यांचीच पेरणी मागे पडते. या अंकातील धडा अशाच एका नेहमीच्या दुखण्यावर आहे. सायलेन्सरच्या आचेने बॉनेटचे किंवा बाजूच्या झाकणाचे प्लास्टिक मऊ पडते, वाकते, करपते आणि शेवटी त्याला भोक पडते.

पुष्कळदा आपण पदरमोड करून नवे झाकण आणतो. पुढच्या हंगामात तेही त्याच जागी करपते. कारण करपणे हे लक्षण आहे. मूळ शोधले नाही, तर खर्च दरवर्षी ठरलेलाच.

१. प्लास्टिक का करपते?

झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत प्लास्टिकची जात लिहिलेली असते. 'एबीएस' १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. 'पीपी' साधारण १६० अंशांना वितळते, पण त्याच्या बरेच आधी आकार सोडते. चालू इंजिनाच्या सायलेन्सरचा पत्रा मात्र ३०० अंशांच्याही पुढे जाऊ शकतो. तरीही प्लास्टिक टिकते, कारण मध्ये मोकळी जागा असते, आड पत्रा असतो आणि पंख्याची हवा खेळत असते. या तिन्हींपैकी एक जरी बिघडले, तरी प्लास्टिक हार खाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, पण सायलेन्सर तापलेलाच असतो. त्यामुळे बंद केल्यानंतरची काही मिनिटे झाकणाला सर्वांत जास्त आच लागते.

२. आधी कारण शोधा

इंजिन पूर्ण थंड असताना क्रमाने पाहा:

- सायलेन्सरचे नट ढिले आहेत का? हाताने हलवून पाहा.
- जोडाजवळ काजळीचा काळा पट्टा आहे का? असल्यास तेथून गरम धूर फुटतो. थंड इंजिनाच्या जोडावर साबणाचे पाणी लावून क्षणभर चालू करा. बुडबुडे आले तर गॅस्केट गेले आहे.
- सायलेन्सरला गंजून भोक पडले आहे का?
- कंपनीने दिलेला आडवा पत्रा जागेवर आहे का? दुरुस्तीच्या वेळी काढलेला हा पत्रा पुष्कळदा परत बसवायचा राहतो.
- पंख्याच्या जाळीत आणि इंजिनाच्या पाकळ्यांत भुसा, गवत अडकले आहे का?
- इंजिनाखालचे रबर फाटून इंजिन झाकणाकडे झुकले आहे का?

जे सापडेल ते आधी नीट करा. गॅस्केटच्या जागी पुठ्ठा घालू नका, तो जळून जातो. त्याच मापाचे नवे गॅस्केट घ्या.

३. झाकणाची दुरुस्ती

झाकण काढून साबणाने धुवा आणि वाळवा. नुसते वाकले असेल, तर गरम हवेच्या गनने दुरूनच, गन हलवत ठेवून मऊ करा. मग लाकडी ठोकळ्याने दाबा आणि पूर्ण थंड होईपर्यंत धरून ठेवा. चटका देऊन घाईने सोडले तर ते पुन्हा वाकते.

चीर गेली असेल, तर चिरेच्या टोकाला ३ मिलिमीटरचे भोक पाडा. त्यामुळे चीर पुढे सरकत नाही. आतल्या बाजूने चिरेवर खाच करा. त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी सोल्डरिंगच्या टोकाने वितळवून खाचेत भरा. मोठ्या भोकाला आतून स्टीलची बारीक जाळी बसवून वर प्लास्टिक भरता येते. काम उघड्यावर करा, धूर नाकात जाऊ देऊ नका. 'पीपी'वर एम-सीलसारखी लांबी नीट धरत नाही, ती काही दिवसांत सुटते. 'एबीएस'वर ती धरते.

४. मध्ये आड पत्रा

कंपनीचा पत्रा मिळत नसेल, तर सुमारे १ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून घ्या. तो प्लास्टिकला चिकटवू नका आणि सायलेन्सरलाही टेकवू नका. दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहील असा, वायसरांची चळत घालून, लोखंडी भागावर बोल्टने कसा. पत्रा चकचकीत ठेवा. चकचकीत पत्रा आच परत फेकतो. काळा रंग दिलेला किंवा मळलेला पत्रा ती शोषून घेतो. पंख्याच्या हवेची वाट अडणार नाही, हेही पाहा.

मग अर्धा तास काम करून यंत्र थांबवा आणि पाच मिनिटांनी झाकणाला बाहेरून हात लावून पाहा. हात ठेववत नसेल, तर कारण अजून आतच आहे.

५. हे कधीही करू नका

- पेट्रोलची टाकी मऊ पडली किंवा चिरली असेल, तर ती वितळवून जोडू नका. रिकाम्या टाकीतही वाफ असते आणि ती भडकते. टाकी बदला.
- जुन्या ॲस्बेस्टॉसच्या दोऱ्या किंवा पत्रे वापरू नका. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक आहे.
- करपलेले झाकण काढून यंत्र उघडेच चालवू नका. हात भाजतात आणि सायलेन्सरवर पडलेले वाळके गवत पेट घेते.

रोजची सवय

काम संपल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे कमी वेगावर चालू द्या, मग बंद करा. लगेच ताडपत्री टाकू नका. सायलेन्सरभोवतीचा भुसा थंड झाल्यावर ब्रशने झाडा आणि तोवर मुलांना दूर ठेवा. आठवड्यातून एकदा नटांना पाना लावा.

गटात बोलण्यासाठी

१. आपल्या यंत्राचा आड पत्रा जागेवर आहे का? शेवटी कोणी पाहिले?
२. यंत्र एका घरून दुसऱ्या घरी जाताना ते तपासून देण्याची जबाबदारी कोणाची?
३. गॅस्केट आणि नटांसाठी गटाच्या पेटीत थोडी रक्कम वेगळी ठेवता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पेरणीच्या आधीच ठरवा. गॅस्केट लहानसेच असते, पण ऐन पावसात ते आणायला तालुक्याला जावे लागले, तर वापसा हातचा जातो.