मैत्रीण जर्मनीला येतेय, नातं सांगावं का?

प्रश्न: मी म्युनिकमध्ये नोकरी करतो. पुण्यातली माझी मैत्रीण दोन महिने माझ्याकडे राहायला येणार आहे. आमचं लग्न झालेलं नाही. व्हिसाच्या अर्जात नातं लपवावं का?

उत्तर: अजिबात लपवू नका. लग्न झालेलं नसलं तरी शेंगेन व्हिसा मिळतो. खोटं उघडं पडलं तर मात्र पुढचे अर्जही अडचणीत येतात. अधिकाऱ्यांची मुख्य शंका असते ती ही, की ही परत जाईल का? म्हणून सगळा भर तिच्या इथल्या नोकरीवर, घरावर द्या. पगारपावत्या, आयकर विवरणपत्र, बँकेचा उतारा जोडा. मंजूर रजेच्या पत्रात कामावर रुजू होण्याची तारीख हवीच. माझ्या मते हा कागद तुमच्या निमंत्रणापेक्षा मोलाचा आहे.

खर्च तुम्ही करणार असाल, तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात रीतसर हमीपत्र करून मूळ प्रत तिला पाठवा. तिच्या राहण्याचा, अगदी उपचारांचाही खर्च त्याने कायद्याने तुमच्यावर येऊ शकतो, तेव्हा विचार करूनच सही करा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो. मुक्काम १८० दिवसांत ९० दिवसांपुरताच. लग्न करून तिथेच राहायचा बेत असेल, तर हा अर्ज करूच नका. त्यासाठी वेगळा राष्ट्रीय व्हिसा घ्यावा लागतो.