पाच किलोच्या वजनाने दिलेला चकवा

गावच्या दूध संकलन केंद्रातला वजनकाटा जुना, पण बिनचूक. त्याच्या मागे नऊ पिनांचं सिरियल पोर्ट आहे. ते लिनक्सच्या कॉम्प्युटरला जोडून पावती आपोआप निघेल अशी सोय करायचं काम मी अंगावर घेतलं. त्यात माझ्याकडून जी चूक झाली, तिची झळ दूध घालणाऱ्यांना बसली, म्हणून सगळं सांगतो.

यूएसबी कन्व्हर्टर लावला, स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये घातलं. काट्याच्या पुस्तिकेत ९६०० बॉड, ७ बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट असं छापलेलं होतं. एसटीटीवाय कमांडने पोर्ट तसंच लावलं आणि आकडे स्वच्छ आले. मग सी भाषेतला माझा प्रोग्राम सुरू केला, काट्यावर पाच किलोचं माप ठेवलं. पडद्यावर ५.०० उमटलं. मी निर्धास्त घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका काकूंचं दूध काट्यावर ९.८० भरलं आणि पावती निघाली ९.०० ची. "दादा, वरचे आठशे ग्रॅम कुठं गेले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या मागच्या माणसाचं ३.१५ होतं, त्याच्या पावतीवर ३.५०.

प्रोग्राममध्ये मी सीएफमेकरॉ हे फंक्शन वापरलं होतं. ते पोर्ट कच्च्या मोडमध्ये नेतं, पण जाता जाता ८ बिट आणि पॅरिटी बंद असंही करून टाकतं. एसटीटीवायने लावलेलं सगळं तिथेच पुसलं गेलं. ७ बिट अधिक पॅरिटी काय किंवा नुसते ८ बिट काय, लांबी सारखीच, त्यामुळे पोर्टने कुठलीही तक्रार केली नाही. पॅरिटीचा बिट आठवा बिट म्हणून अक्षराला चिकटला. ०, ३, ५, ६, ९ या अंकांत तो शून्य असतो, ते नीट येतात. दशांश चिन्हही नीट येतं. १, २, ४, ७, ८ मात्र बिघडतात. आणि अनोळखी अक्षरं गाळून टाकायची, हे मीच प्रोग्राममध्ये लिहून ठेवलं होतं! चाचणीचं माप नेमकं पाचाचं. दोन किलोचं ठेवलं असतं तर त्याच संध्याकाळी कळलं असतं.

तेव्हा जुनं यंत्र जोडताना आधी सीएफमेकरॉ, आणि त्यानंतरच बिट व पॅरिटी लावा. सेटिंग लागू करणाऱ्या टीसीसेटॲट्र फंक्शनच्या होकारावर विसंबू नका; मागितलेल्यातला एखादाच बदल झाला तरी ते यशस्वी म्हणून परततं. टीसीगेटॲट्रने सेटिंग परत वाचून ताडून पाहा. प्रोग्राम चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवरून एसटीटीवायनेही खात्री करता येते. अनोळखी अक्षर आलं तर ते गाळू नका, पावती अडवा. चाचणीत दहाही अंक येतील अशी वजनं ठेवा.

केंद्रावरच्या मुलाने काट्यावरचा प्रत्येक आकडा सवयीने वहीत लिहिला होता, म्हणून त्या सकाळचा हिशेब सुधारता आला. तुम्ही असं काही बसवणार असाल, तर पहिलं बिल निघेपर्यंत तरी वही बंद करू नका.